आईचे व्हॉइस मेसेज कसे वाचवले

पावसात मोबाइल भिजला आणि स्क्रीन अधूनमधून काळी पडायला लागली. त्यात आईचे तीन वर्षांचे व्हॉइस मेसेज होते. ती गेल्यावर तिचा आवाज तेवढाच उरलाय, "आंबे काढूक गडी इले काय?" असं विचारणारा.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्यायला गेलो तर जागाच नाही. अँड्रॉइडवर हा बॅकअप आता गुगल खात्याच्या मोफत 15 जीबीतच धरतात, आणि माझं खातं फोटोंनी भरलेलं. बॅकअपमधून व्हिडिओ वगळले, जुने फोटो काढले. आमच्या वाडीत रेंज धड नसते, म्हणून देवगडात भावाकडे वायफायवर रात्रभर फोन ठेवला. सकाळी बॅकअप पूर्ण.

तरी जीव शांत होईना, कारण हा बॅकअप व्हॉट्सअ‍ॅपशिवाय उघडत नाही. मग केबल लावून फाइल मॅनेजरमधून अँड्रॉइड, मीडिया, कॉम.व्हॉट्सअ‍ॅप असं आत आत जात 'व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट्स' हा फोल्डर शोधला. आत वर्ष आणि आठवड्याच्या आकड्यांचे फोल्डर, त्यांत ओपस नावाच्या प्रकारातल्या आवाजाच्या फाइली. सगळा फोल्डर लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवला. लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेयरमध्ये सरळ वाजतात. नावांवरून कोणाचा आवाज ते कळत नाही, एकेक ऐकावा लागतो. आईचे वेगळे काढतोय, निम्मे झालेत.