चाळीची खोली काढायची तर टेप घेऊन जा

कला विभागात नवीन लागलो तेव्हा मोरेवाडीच्या चित्रनगरीत मला पहिलं काम मिळालं ते मुंबईच्या चाळीतली खोली कागदावर काढायचं. मी कोल्हापुरात वाढलेला, घरापुढं अंगण, मागं परडं. मुंबई बघितलेली ती पडद्यावरच. तशीच काढली: खिडकीला पडदा, कोपऱ्यात पलंग, मधे ऐसपैस जागा. कलादिग्दर्शकांनी कागद उलटासुलटा करून विचारलं, "सहा माणसं झोपतात कुठं? आणि बादल्या?"

त्याच रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. वरळीला बीडीडी चाळीत मावशी राहायची (पाडकाम तेव्हा सुरू व्हायचं होतं). टेप लावली तर खोली जेमतेम १६० चौरस फूट. संडास मजल्यावर, सगळ्यांत मिळून. पहाटे नळ आला की पिंपापासून तांब्यापर्यंत घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं. थोरला मावसभाऊ बाहेर व्हरांड्यात झोपायचा, आत त्याचे पाय कपाटाला लागायचे. पोटमाळ्यावर गणपतीचं मखर, गाद्या आणि काकांची गिरणीच्या दिवसांतली पत्र्याची पेटी. चार दिवसांत वही भरली.

पडद्यावरची खोली मोठी का वाटते, हेही तेव्हा उमगलं. कॅमेऱ्याला मागं सरायला जागा लागते, म्हणून सेटवर एक भिंत उभारतच नाहीत किंवा काढता येईल अशी ठेवतात. यात लबाडी काही नाही. पण भिंत गेली तरी अडचण राहिली पाहिजे, आणि ती राहते सामानातून, माणसांच्या वळण्या-वाकण्यातून.

नव्यानं येणाऱ्यांनी राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' (१९७०) आधी आवाज बंद करून बघावा. नव्या जोडप्याला घरात एकांत मिळत नाही, एवढ्यावर अख्खा सिनेमा उभा आहे. बासू चटर्जींनी १९७२ साली तो हिंदीत 'पिया का घर' म्हणून केला. दोन्ही बघा. कोण कुणाला वाट देतं, दार कधी लोटलं जातं, तेवढंच टिपा. संवाद नंतर. 'घरौंदा' (१९७७) बघताना मात्र हिशेब लिहा: फ्लॅटसाठी साठवलेला पैसा बिल्डरमुळे बुडतो तिथं.

आमचा सेट लागला तेव्हा दाराशी मी दोन भरलेल्या बादल्या ठेवल्या. पहिल्याच तालमीला नट अडखळला. "हलवा की ह्या!" म्हणून खेकसला. मी पुढं झालो, तर दिग्दर्शक म्हणाले, "राहू देत."

पुढच्या वेळी तो आपसूक तिरका होऊन आत आला.