नाव न फुटता भ्रष्टाचाराची तक्रार कशी करावी : बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी

बोगस बिलांचे कागद हाती असूनही माणसं गप्प बसतात, कारण नाव फुटायची भीती असते. ही भीती खोटी नाही. सहकार खात्यातले लेखापरीक्षण अधिकारी एस. पी. महांतेश यांचा २०१२ मध्ये बेंगळुरात हल्ल्यात जीव गेला. संसदेनं २०१४ मध्ये व्हिसलब्लोअर (गैरव्यवहार उघड करणारा माणूस) संरक्षण कायदा मंजूर केला, पण तो अमलात आणलेला नाही. त्यामुळं फक्त तक्रारदाराला सांभाळणारी, स्वतःचं बजेट असलेली यंत्रणा आपल्याकडं नाही. जे संरक्षण आहे ते तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं आहे.

आधी बघा, माणूस केंद्राचा की राज्याचा. रेल्वे, टपाल, बीएसएनएल, राष्ट्रीयीकृत बँका, कॅम्पातलं कॅन्टोन्मेंट बोर्ड, सांबरा विमानतळ ही केंद्राची. पीडीओ (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी), तहसीलदार, हेस्कॉम (वीज कंपनी), महानगरपालिका राज्याची. इथं चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

केंद्राच्या माणसाविरुद्ध केंद्र सरकारच्या २१ एप्रिल २००४ च्या ठरावाखाली तक्रार करता येते. तिला पीआयडीपीआय (लोकहितासाठी माहिती उघड करणं आणि माहिती देणाऱ्याचं संरक्षण) तक्रार म्हणतात. ती बंद पाकिटातून सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, जीपीओ कॉम्प्लेक्स, आयएनए, नवी दिल्ली ११००२३ या पत्त्यावर पाठवा. पाकिटावर 'पीआयडीपीआय' ठळक लिहा. स्वतःचं नाव-पत्ता तिथं लिहू नका. नाव आतल्या कागदाच्या सुरुवातीला किंवा शेवटी, नाहीतर सोबतच्या वेगळ्या पत्रात द्या. ते द्यावंच लागतं, निनावी तक्रार घेत नाहीत. ईमेलनं पाठवली तर हे संरक्षण मिळत नाही, आणि पोचपावतीची वाट बघू नका.

बहुतेकांचा घात 'माहितीसाठी प्रत' या ओळीनं होतो. तीच तक्रार आमदार, पत्रकार आणि जिल्हाधिकाऱ्यांना धाडली की नाव झाकण्यात काही अर्थ उरत नाही. मजकूरही नाव सांगून जातो : जी फाईल ऑफिसात फक्त तुमच्या टेबलावरून गेली तिचे बारीकसारीक तपशील लिहिलेत, तर नाव लिहायची गरजच राहत नाही. तक्रार तुम्हीच केली का, हे विचारणारं पत्र आयोगाकडून येतं. म्हणून पत्ता असा द्या जिथं टपाल दुसरं कुणी फोडणार नाही, आणि त्या पत्राला लगेच उत्तर द्या. मराठीऐवजी हिंदी किंवा इंग्रजीत लिहिलेलं बरं.

राज्याच्या माणसाविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करायला कर्नाटक लोकायुक्त आहे. १९८४ च्या कायद्यानुसार ठरलेल्या नमुन्यातली तक्रार आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. भ्रष्टाचाराच्या आरोपाच्या तक्रारीला मुदत त्या घटनेपासून पाच वर्षांची. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या : रीतसर चौकशी सुरू करायची ठरली की तक्रारीची प्रत त्या अधिकाऱ्यालाही जाते. म्हणजे दिल्लीच्या पाकिटासारखं नाव इथं झाकलं जात नाही. कन्नडचा अडसर म्हणून आपली माणसं कोर्टासमोरच्या टायपिस्टकडं जातात आणि बातमी तिथंच फुटते. कन्नड येणारा भरवशाचा नातेवाईक शोधा. लाच मागितली असेल तर देण्याआधीच लोकायुक्त पोलिसांकडं जा. दबावाखाली दिली असेल तर सात दिवसांत कळवा, नाहीतर देणाराही गुन्हेगार ठरू शकतो.

धमक्या सुरू झाल्या तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. सुप्रीम कोर्टानं ती सगळ्या राज्यांना लागू केली. सात वर्षांपर्यंत आणि त्याहून जास्त शिक्षेचे गुन्हे तिच्यात बसतात, म्हणजे लाचखोरीही. अर्ज जिल्हा समितीच्या सदस्य सचिवांकडं, म्हणजे जिल्ह्यातल्या सरकारी वकिलांच्या प्रमुखाकडं द्यायचा. समितीचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. घरचं माणूस किंवा वकीलही अर्ज करू शकतो. शहरात एसीपी आणि तालुक्यात डीवायएसपी हे पोलिस अधिकारी धोक्याचा अहवाल देतात, आणि तो आल्यावर पाच कामकाजी दिवसांत निकाल अपेक्षित असतो. म्हणून 'जिवाला धोका आहे' एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, फोन नंबर, गाडीचा नंबर, कोण काय म्हणालं, सगळं लिहा. 'पोलिस द्या' असं मोघम मागण्यापेक्षा दारात कॅमेरा, घराभोवती गस्त, कोर्टात जाताना सोबत, असं नेमकं मागा. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंतच मिळतं, तेव्हा मुदत संपायच्या आधी पुन्हा अर्ज करा. तक्रार खोटी निघाली तर खर्च वसूल होऊ शकतो.

हा खर्च साक्षीदार संरक्षण निधीतून होतो. राज्याच्या बजेटमधली तरतूद, कोर्टांनी जमा करायला सांगितलेला दंड, देणग्या आणि कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) पैसा, असे त्याचे चार झरे. प्रत्यक्षात किती आले आणि किती खर्चले, हे माहितीच्या अधिकारात गृह खात्याला विचारा. फी १० रुपये. कर्नाटकात अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो; दोन विषय घातले तर फक्त पहिल्याचंच उत्तर मिळू शकतं. फक्त तीन गोष्टी मागा : गेल्या तीन आर्थिक वर्षांतली तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. बेळगाव जिल्ह्यात किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले, हे दुसऱ्या अर्जात समितीकडून मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील त्याच खात्यात करा. ज्याची स्वतःची तक्रार चालू आहे त्यानं हा अर्ज आपल्या नावानं न करता दुसऱ्या कुणाला करायला सांगावा.