मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचे तास मोजताना या चुका टाळा

मावशी पहिल्यांदा लेकीकडे न्यू जर्सीला निघाली होती. तिकीट बघून म्हणाली, "रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला उतरायचं, म्हणजे सहाच तास की!" त्या हिशेबाने तिने रक्तदाबाच्या गोळ्याही मोठ्या बॅगेत भरून टाकल्या होत्या. आदल्या दिवशी बॅग परत उघडून ते पाकीट आम्ही तिच्या पर्समध्ये ठेवलं.

ही चूक घरोघरी होते. तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. वजाबाकी करण्याआधी त्या एकाच घड्याळावर आणा. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. जूनमध्ये तिथे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच. म्हणजे रात्री दीडपासून साडेपंधरा तास झाले. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात. या तारखांच्या आसपासचं तिकीट असेल तर फरक पुन्हा तपासा.

त्याहून महागात पडते ती तारखेची चूक. '15 जून, 01.30' याचा अर्थ घर 14 तारखेलाच सोडायचं. तीन तास आधी विमानतळावर पोचायचं, तर पुण्याहून 14 ला संध्याकाळी पाचच्या आत गाडी निघालेली बरी. 15 च्या रात्री बॅगा घेऊन पोचलात, तर विमान जाऊन जवळपास अख्खा दिवस झालेला असतो. कॅलेंडरवर खूण 14 लाच करा.

अंतराचं काय? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली की रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते, आणि विमानातला स्क्रीन मात्र विमान खूप उत्तरेला दाखवतो. मग वाटतं, हे वळसा का घेतायत? पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो आपसूक उत्तरेला सरकतो. जवळची वाट तीच, सुमारे 12,500 किलोमीटर. कुठे 7,800 दिसलं तर ते मैल आहेत.

पण 12,500 ला ताशी 900 ने भागून 14 तास धरू नका. पश्चिमेकडे जाताना समोरून वारा असतो, धावपट्टीपर्यंत रांगेत वेळ जातो, आणि हवाई हद्द बंद असेल तर खरोखरच वळसा पडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा असंच झालं. परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी असतो, म्हणून येताना सहसा कमी वेळ लागतो.

लंडनमार्गे गेलं तर खूप लांब पडेल, ही भीतीही सोडा. मुंबई-लंडन 7,200 आणि पुढे 5,540, म्हणजे जेमतेम 200-250 किलोमीटर जास्त. वेळ खातो तो मधला थांबा, तेव्हा तिकीट घेताना एकूण तास बघा.

आणि गोळ्यांचं डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या, मधुमेह असेल तर नक्कीच. जूनमध्ये जाताना तो एक दिवस साडेतेहतीस तासांचा होतो, त्यात रोजची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं ते कागदावर लिहून घ्या. मावशीने लेकीच्या घरी पोचेपर्यंत मनगटावरचं घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवलं होतं, आणि डॉक्टरांनी दिलेल्या वेळा त्यावर बघूनच गोळ्या घेतल्या.