स्पोर्टबाइक ठेवायची तर सोबत एक वही ठेवा

माझी सहाशे सीसीची, चार सिलिंडरवाली गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा 12,000 किलोमीटर पळालेली होती. आज मीटर 53,000 वर आहे. भेटेल त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "एवढी ताणता, इंजिन बसत नाही?" नाही बसत. पिस्टनपर्यंत हात घालायची वेळ एकदाही आली नाही. पैसे गेले ते दुसरीकडेच, आणि कुठे गेले ते कळलं वहीमुळे.

वही म्हणजे चार रकाने: तारीख, मीटर, काय केलं, किती लागले. वर्षाच्या शेवटी बेरीज करून किलोमीटरने भागायचं. माझ्या 41,000 किलोमीटरमध्ये मागचे टायर सहा, पुढचे चार, चेनसेट (चेन आणि तिची दातेरी चक्रं, म्हणजे स्प्रॉकेट) दोन, बॅटऱ्या दोन, रेक्टिफायर (बॅटरीला जाणारी वीज आवरणारा भाग) एक, क्लच लिव्हर एक. पेट्रोलचं पान वेगळं, आणि त्याची बेरीज एकूण खर्चाच्या निम्मीसुद्धा भरत नाही. घ्यायच्या आधी मायलेज विचारणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मागचा टायर हा सगळ्यात मोठा खाऊ. 180/55 झेडआर 17 हे माप सहाशे सीसीच्या गाड्यांवर सर्रास असतं. रबर मऊ, म्हणून वळणात चिकटतो आणि म्हणूनच लवकर झिजतो. पहिला टायर मी ट्रॅकवाल्यांच्या नादाने सगळ्यात मऊ घेतला. सरळ रस्त्यावर तो मधोमध सपाट झाला आणि 5,000 किलोमीटरमध्ये संपला, कडा मात्र कोऱ्या करकरीत! तेव्हापासून स्पोर्ट-टूरिंगचा, मध्ये कडक आणि कडेला मऊ रबर असलेला टायर घेतो. तो 7,500 च्या आसपास जातो. हवा थंड टायरमध्येच तपासा, दर आठवड्याला. बऱ्याच मॅन्युअलमध्ये पुढे 36 आणि मागे 42 पीएसआय दिलेली असते, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. घेताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

चेनचं थोडक्यात. दर 500-600 किलोमीटरला पुसून ल्यूब मारा, आणि ती फेरी मारून आल्यावर, चेन गरम असताना. आधीच्या मालकाने चेन कोरडी पळवली होती, कड्या आखडल्या होत्या, 22,000 ला फेकावी लागली. माझ्या हातची 25,000 किलोमीटर गेली. बदलताना दोन्ही स्प्रॉकेट बदला, नुसती चेन नको.

ऑइल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (बाइकच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा शिक्का) लिहिलंय ना, एवढं बघा. इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये भिजलेले असतात. कारचं घसरडं ऑइल घातलं की क्लच घसरू शकतो. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, गाडी चालो वा न चालो. डॉट 4 (ब्रेक फ्लुइडचा नेहमीचा प्रकार) हवेतला ओलावा ओढतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शिरलेल्याची मर्यादा 155 वर येते, आणि घाटउतारावर ब्रेक तापून फ्लुइड उकळलं की लिव्हर स्पंजासारखा दबतो.

आता व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा. त्या आणि त्यांना ढकलणारा कॅम यांच्यातली बारीक फट ठरावीक किलोमीटरला मोजायची असते. हे काम लोक टाळतात, कारण गाडी काहीच तक्रार करत नाही. सुझुकीच्या जीएसएक्स-आर 600 ला 24,000 किलोमीटरला तपासणी, यामाहाच्या आर6 ला साधारण 40,000 ला. डुकाटीच्या पानिगाले व्ही4 लाही 24,000 च, पण तिथे व्हॉल्व्ह बंद करायलाही वेगळा रॉकर (हलणारा दांडा) असतो. त्यामुळे सोळा व्हॉल्व्हच्या बत्तीस फटी मोजाव्या लागतात, आणि मजुरी त्या हिशेबाने.

व्हॉल्व्ह जसजसा आपल्या सीटमध्ये (जिथे तो टेकतो त्या कडेत) आत रुततो, तसतशी कॅमकडची फट कमी होते. टकटक वाढण्याऐवजी इंजिन उलट शांत होतं. "आवाज नाही म्हणजे उत्तम," असं मीही समजायचो. फट अगदीच संपली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. 48,000 ला मी मित्राच्या मदतीने स्वतःच उघडलं. टाकी, एअरबॉक्स, कॉइल असं एकेक काढत सकाळ गेली. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फिरवायला जेमतेम अर्धा तास. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. एक्झॉस्टला 0.20 ते 0.30 मिलिमीटर फट हवी होती, दोन ठिकाणी 0.17 निघाली. तिथल्या शिम (फट कमी-जास्त करायच्या चकत्या) 1.75 च्या होत्या. 1.70 ची घातली असती तर 0.22 होऊन कागदावर पास. मी 1.65 ची घातली आणि 0.27 वर ठेवली, कारण फट पुढे कमीच होणार आहे. मेकॅनिककडून करून घेत असाल तर "ओके आहे" एवढ्यावर उठू नका, सोळाही आकडे लिहून घ्या.

रस्त्यात मला एकदाच उभं केलं, ते रेक्टिफायरने. बऱ्याच गाड्यांवर हा शंट प्रकारचा असतो: जनरेटर कायम पूर्ण वीज बनवतो आणि जास्तीची वीज रेक्टिफायर उष्णता करून उडवतो. मी आधी नवी बॅटरी आणली, ती आठवड्यात बसली. मग अक्कल आली आणि मल्टिमीटर लावला. गाडी बंद असताना 12.7 व्होल्ट, 5,000 आरपीएमला 14 ते 14.5 हवेत, माझ्याकडे 12.4. फेअरिंग (गाडीचं बाहेरचं प्लास्टिक आवरण) काढली तर पांढरा कनेक्टर तपकिरी होऊन वितळलेला. मॉसफेट प्रकारचा कमी तापतो, तोच बसवला. आता दर दोन महिन्यांनी दोन मिनिटांचं हे मोजमाप करतो.

सगळ्यात लागलेला खर्च मात्र शून्य वेगातला. ओल्या मातीत साइड स्टँड रुतला आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत सावकाश आडवी झाली. लिव्हर, इंडिकेटर, इंजिन कव्हरवर चरा आणि फेअरिंगचे दोन कान (ती अडकवायचे कोपरे). तेवढ्यात त्या वर्षीच्या पेट्रोलपेक्षा जास्त गेले. फ्रेम स्लायडर (गाडी पडली तर आधी घासला जाणारा गुटका) पहिल्या दिवशीच लावा आणि स्टँडखाली ठेवायला पत्र्याचा चपटा तुकडा जवळ बाळगा. फेअरिंगचा कान तुटला तर अख्खा भाग घेऊ नका, प्लास्टिक वेल्डिंगने तो जोडून मिळतो.

सेकंडहँड बघायला जाताना मल्टिमीटर सोबत न्या, हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून मध्ये अडकतं का बघा, फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांवर तेलाची कड आहे का बघा. आणि मालकाला विचारा, व्हॉल्व्ह शेवटचे कधी तपासले? बिल दाखवलं तर ठीक. "आवाजच नाही हो गाडीला," असं म्हणाला, तर ते काम झालेलंच नाही असं धरून किमतीतून वजा करा.