दाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकलंत ना, मग पहिला कट मारायच्या आधी एवढं सेटअप उरकून घ्या

एडिटिंगचं सॉफ्टवेअर डाउनलोड करायचं, नेक्स्ट नेक्स्ट करत इन्स्टॉल करायचं आणि फुटेज टाइमलाइनवर (क्लिप्स ओळीने मांडतात त्या पट्टीवर) ओढून लगेच कापायला बसायचं, हे बहुतेक सगळेच करतात, मीही केलं. दोन महिन्यांनी तोच प्रोजेक्ट उघडला तर सगळी टाइमलाइन लालभडक, जिथे बघावं तिथे 'मीडिया ऑफलाइन'. फुटेज कुठे उडालं नव्हतं, डेस्कटॉप आवरताना मीच फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर टाकलं होतं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतोच, कुठली क्लिप कुठल्या जागी पडलीये आणि ती कुठून कुठपर्यंत कापलीये एवढाच हिशोब त्यात असतो.

मी दाविंची रिझॉल्व्ह धरून सांगतोय कारण ते फुकट मिळतं आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. फुकट व्हर्जनमध्ये ३८४० बाय २१६० पर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत व्हिडिओ एक्सपोर्ट करता येतो, आपल्याला तेवढं रग्गड झालं. लिनक्सवाल्यांनी मात्र आधीच ऐकून ठेवा, तिथलं फुकट व्हर्जन एच २६४ च्या (व्हिडिओ दाबून लहान करायचा एक प्रकार) फाइल्स उघडत नाही, म्हणजे मोबाइलचं फुटेज आधी डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या प्रकारात कन्व्हर्ट करून मगच आत घ्यावं लागतं.

सुरुवात सॉफ्टवेअर न उघडता करायची. प्रत्येक कामाला एक मोठं फोल्डर, त्यात फुटेज, ऑडिओ, ग्राफिक्स, एक्सपोर्ट अशी चार फोल्डर्स. नावात तारीख असू द्या आणि एकदा फुटेज रिझॉल्व्हमध्ये घेतलं की त्या फोल्डरला हात लावायचा नाही, नावसुद्धा बदलायचं नाही. कॅमेऱ्याच्या कार्डवरून किंवा पेनड्राइव्हवरून थेट इम्पोर्ट तर अजिबात नको, कार्ड काढलं की क्लिप गेली. जागेचा अंदाजही आधीच घ्या. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट्सने रेकॉर्ड करत असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे तासाभराला ४५ जीबी, आणि कॅशे (प्लेबॅक सुरळीत व्हावा म्हणून सॉफ्टवेअर साठवतं त्या तात्पुरत्या फाइल्स), प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉप्या) वगैरे मंडळी वेगळीच.

आता रिझॉल्व्ह उघडा, प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम, त्यात मीडिया स्टोरेज. इथे ड्राइव्हची यादी दिसते आणि गंमत अशी की या यादीत जे सगळ्यात वर असतं तिथेच कॅशे साठतो. बऱ्याच जणांचा सी ड्राइव्ह गपचूप भरतो तो यामुळेच. एखाद्या वेगवान एसएसडीवर कॅशेसाठी रिकामं फोल्डर करा आणि ते यादीत पहिलं आणा. नंतर जागा कमी पडली तर प्लेबॅक मेन्यूत डिलीट रेंडर कॅशे आहे, बिनधास्त उडवा, लागेल तेव्हा तो परत तयार होतो.

प्रेफरन्सेसच्याच यूझर टॅबमध्ये प्रोजेक्ट सेव्ह अँड लोड आहे. लाइव्ह सेव्ह आणि प्रोजेक्ट बॅकअप्स, दोन्हींना टिक आहे ना बघा. बॅकअप दर १० मिनिटांनी असू दे आणि त्याची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर द्या, एकाच ड्राइव्हवर काम आणि तिथेच बॅकअप म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खिशात.

मग प्रोजेक्ट सेटिंग्ज. इथे घाई नको, कारण टाइमलाइन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, आधीच ठरवावा लागतो, एकदा मीडिया आत आला की तो खाना राखाडी होऊन बसतो. २४, २५ की ३० हे फुटेज बघून ठरवा. पहिली क्लिप आत घेताना रिझॉल्व्ह विचारतं की क्लिपचा फ्रेम रेट वेगळा आहे, प्रोजेक्टचा बदलू का, तेव्हा न वाचता ओके दाबणारे आपण सगळे आहोत, निदान यावेळी वाचा. मोबाइलचं किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगचं फुटेज असेल तर आणखी एक भानगड, त्याचा फ्रेम रेट मध्येच कमीजास्त होत असतो आणि मग ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. अशा फाइल्स हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून काढून घ्या, मग इम्पोर्ट करा.

कॉम्प्युटर अडखळत असेल तर मीडिया पूलमध्ये (आत घेतलेल्या सगळ्या क्लिप्स दिसतात तिथे) क्लिप्स सिलेक्ट करून राइट क्लिक, जनरेट प्रॉक्सी मीडिया. हलक्या कॉप्या तयार होतात, एडिट त्यावर चालतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, कामांची यादी. वही, चिठ्ठी, वेगळं ॲप काही नको, टाइमलाइनवर जिथे काम बाकी आहे तिथे एम दाबा, मार्कर पडतो, परत एम दाबलं की खिडकी उघडते, त्यात नाव, नोट आणि रंग. मी लाल म्हणजे चूक दुरुस्त करायची, निळा म्हणजे म्युझिक बाकी, पिवळा म्हणजे क्लायंटला विचारायचं असं ठेवलंय. उदाहरणार्थ लाल मार्कर, नोट 'इथे माइकला हात लागलाय, दुसरा टेक लाव'. एक लक्षात ठेवा, क्लिप सिलेक्ट असेल तर मार्कर क्लिपला चिकटतो आणि तिच्याबरोबर फिरतो, नसेल तर टाइमलाइनवर पडतो. मग एडिट पेजवर इंडेक्स उघडा, तीन टिंबांच्या मेन्यूतून शो मार्कर्स आणि हवा तो रंग निवडा, झाली यादी तयार, ओळीवर क्लिक केलं की प्लेहेड (चालू जागा दाखवणारी रेघ) थेट तिथे. काम झालं की मार्कर डिलीट. यादी रिकामी झाल्याशिवाय डिलिव्हर पेजवर, म्हणजे एक्सपोर्टच्या पानावर, जायचंच नाही असा मी स्वतःला नियम घातलाय, पाळतो बऱ्यापैकी.

खऱ्या कामाला लागण्याआधी एक रंगीत तालीम करा. दोनचार फालतू क्लिप्स घेऊन वरचं सगळं करा, रिझॉल्व्ह बंद करा, मुद्दाम फुटेजच्या फोल्डरचं नाव बदला आणि प्रोजेक्ट परत उघडा. लाल होईल, होऊ द्या. मीडिया पूलमध्ये सगळ्या क्लिप्स सिलेक्ट करून राइट क्लिक, रिलिंक सिलेक्टेड क्लिप्स, नवीन फोल्डर दाखवा, दोन सेकंदात चित्र जागेवर येतं. हे आधी ठाऊक असतं तर त्या दिवशी मी सगळं पहिल्यापासून कापत बसलो नसतो.