पिल्लू सापासाठी पेटी घेताय? या चुका टाळा

“दादा, पिल्लू खाईनासं झालंय, काय करू?” बेळगाव, निपाणी, चिक्कोडी भागातले साप पाळणारे सगळ्यात जास्त विचारतात ते हेच. उंदीर बदलून झालेला असतो, खायला घालायची वेळ बदलून झालेली असते. पेटीचा फोटो मागवला की बहुतेक वेळा उत्तर त्यातच असतं. चार फुटी काचेची टाकी, तळाला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) पातळ थर, कडेला पाण्याची वाटी, वर चोवीस तास पांढरा एलईडी आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं दीड विती बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतल्या छोट्या अजगराचं पिल्लू. कधी नेमकं उलटं असतं: साप तीन फुटांचा झालाय आणि अजून पहिल्या महिन्यातल्या डब्यातच आहे.

दुकानात आपण “किती फुटी घेऊ?” एवढंच विचारतो. माझ्या मते फुटांचा हिशेब तिसरा. आधी बघायचं, या पेटीचं एक टोक गरम आणि दुसरं गार राहील का. मग बघायचं, दोन्ही टोकांना सापाला पूर्ण लपता येईल का. हे जमलं तर पिल्लू दोन फुटी पेटीतही छान वाढतं. नाही जमलं तर चार फुटीतही उपाशी बसतं.

कोणता साप, हे आधी ठरवा

इथे जे सांगतोय ते परदेशी जातींबद्दल, त्यातही बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) यांच्याबद्दल. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे धामण, नाग, दिवड यांची पिल्लं बांधावर, गोठ्यात, अंगणात दिसू लागतात. लहान आहे, बिनविषारी आहे असं म्हणून ती बरणीत घालून घरी आणू नका. आपल्याकडचे साप वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली येतात, ते घरात पाळता येत नाहीत. शिवाय ओळखण्यातली चूक जिवावर बेतते. कवड्या बिनविषारी आणि मण्यार जहाल विषारी, पण अंगावरचे पट्टे पाहून भल्याभल्यांची गल्लत होते. असं पिल्लू दिसलं तर सर्पमित्राला नाहीतर वनखात्याला कळवा.

परदेशी साप म्हणजे मोकळं रान, असंही नाही. बॉल पायथन आणि बोआ या जाती साइट्स करारात (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आहेत, त्यामुळे कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या चौथ्या अनुसूचीत आल्या. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली, साप दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याहून साप आणणार असाल तर विकणाऱ्याच्या नावावरची नोंद आणि बिल डोळ्यांनी बघा, मगच ॲडव्हान्स द्या. सीमेअलीकडे आणल्यावर तुमचा अर्ज कर्नाटकाच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो, हेही लक्षात असू द्या.

चूक पहिली: मोठी पेटी, पण उघडी

पिल्लाला मोठी पेटी दिली की ते घाबरतं आणि खाणं सोडतं, असं बरेच जण सांगतात. हे अर्धंच खरं आहे. पिल्लू घाबरतं ते उघडेपणाला. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, दिवस काढतो उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम २५ ते ४० सेंटीमीटरचं, आणि रानात त्याला खाणारे चहूकडे. चारही बाजूंनी पारदर्शक काच आणि मधे मोकळी जागा म्हणजे त्याच्या लेखी उन्हाळ्यातलं अथणीचं माळरान. तिथे ते भक्ष्य धरायला बाहेर पडणारच नाही.

मोठी टाकी घेऊन झाली असेल तर ती विकायची गरज नाही. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कार्डपेपर लावा. लपायच्या जागा किमान दोन हव्यात, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला, आणि दोन्ही सारख्याच. एकच असली तर साप ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडतो. बहुतेक वेळा तो आडोसा निवडतो आणि थंड पडून राहतो, मग खाल्लेलं पचत नाही.

लपायच्या जागेचंही माप असतं, आणि इथे पेटीपेक्षा जास्त चुका होतात. वेटोळं घालून बसल्यावर सापाचं अंग सगळीकडून भिंतीला आणि छताला टेकलं पाहिजे. दुकानात मिळणारी प्लास्टिकची गुहा दिसायला देखणी असते, पण पिल्लासाठी ती दिवाणखाना होते. अगदी लहान पिल्लाला नारळाची अर्धी करवंटी पुरते. पालथी घालायची, काठाला अंगठा जाईल एवढी खाच पाडायची आणि कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायची. साप वाढला की त्याच मापाने छोटी मातीची कुंडी.

मधल्या जागेत वाळकी पानं, बांबूचे तुकडे, झाडाच्या सालीचे खपले भरा. सागाची किंवा आंब्याची पानं उकळत्या पाण्यातून काढून उन्हात कडकडीत वाळवली की चालतात. कोकोपीट दोन इंच तरी हवं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिल्लाला आडोशाआडोशाने जाता आलं, तर पेटी चार फुटी असूनही ते बिनघोर फिरतं.

तरीही नवख्या माणसाने सुरुवात लहान पेटीतच करावी असं मला वाटतं, आणि त्याचं कारण साप नाही, माणूस आहे. कॉर्न स्नेकचं पिल्लू पेन्सिलीएवढं जाड, २० ते ३० सेंटीमीटर लांब. भरगच्च चार फुटी पेटीत ते दिवसेंदिवस सापडत नाही. खाल्लं का, विष्ठा टाकली का, कात नीट निघाली का, काही कळत नाही.

चूक दुसरी: लहान पेटी आणि आपली हवा

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ अंशांच्या खाली उतरतो. अथणी, रायबागकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी तो चाळिशीला टेकतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. एका जिल्ह्यात तीन तऱ्हांची हवा, त्यामुळे परदेशी व्हिडिओतला सल्ला उचलून जसाच्या तसा वापरता येत नाही.

बॉल पायथनला गरम टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार टोकाला २५ ते २७ लागतात. कॉर्न स्नेकला गरम टोक २९ ते ३१, गार टोक २३ ते २५. आता फूटभर लांबीच्या डब्याखाली फूटभर हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) घातली तर गार टोक उरतंच कुठे? पिल्लू पाण्याच्या वाटीत जाऊन बसतं आणि मालकाला वाटतं, त्याला पाणी आवडतं. हीट मॅट तळाच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि थर्मोस्टॅटशिवाय (ठरावीक तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) तर मुळीच नको. दोन्ही टोकांना वायरीचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) असलेले डिजिटल थर्मामीटर ठेवा. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे मीटर काचेचं तापमान दाखवतात, सापाच्या पोटाखालचं नाही.

लहान पेटी लवकर तापते आणि लवकर गार पडते. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीजवळचा छोटा काचेचा डबा दुपारी जीवघेणा ठरतो. अशा दिवसांत मॅट बंद ठेवून पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवावी. हिवाळ्यात किंवा वळवाच्या पावसात वीज गेली की उलटी पंचाईत. तेव्हा हवेची भोकं मोकळी ठेवून पेटीला चादर गुंडाळा, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाहेरून टेकवा. वीज सारखी ये-जा करत असेल त्या दिवशी खायला घालूच नका. थंडीत पोटातला उंदीर पचत नाही, साप तो ओकतो. ओकला तर दहा ते चौदा दिवस थांबा आणि पुढचा घास निम्म्या आकाराचा द्या.

पावसाळ्यात दमटपणाचं गणित बदलतं. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के आर्द्रता पुरते, कॉर्न स्नेकला ४० ते ५५. जुलैत खानापूरच्या कौलारू घरातली हवा मुळातच याच्या वर असते, तेव्हा रोज पाणी फवारणं बंद करा. लहान बंद टबमध्ये भिंतींवर थेंब धरत असतील तर समोरासमोरच्या बाजूंना भोकं वाढवा. पोटाकडचे खवले तपकिरी-लालसर दिसू लागले, नाकाशी बुडबुडे आले किंवा साप तोंड उघडून श्वास घेऊ लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. आपल्याकडचे बरेचसे डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघतात, म्हणून साप बघणारा डॉक्टर कोण, हे आजारपणाच्या आधीच फोन करून ठेवलेलं बरं.

मग फूट किती?

पेटीची लांबी आणि रुंदी मिळून सापाच्या लांबीएवढी, हे अगदी किमान माप. लांब बाजू एकटीच सापाएवढी असली तर उत्तम, कारण साप अधूनमधून सरळ पसरतो आणि तेव्हा त्याला जागा लागते. दोन्ही जातींच्या पिल्लाला २ × १ × १ फुटांची पेटी पुरते. दोन ते अडीच फुटांच्या सापाला ३ फुटी. पूर्ण वाढ झालेली बॉल पायथन मादी चार-पाच फुटांपर्यंत जाते, कॉर्न स्नेकही तेवढाच होतो. त्यांना ४ × २ × २ फुटांपेक्षा कमी नको. ‘बॉल पायथन आळशी, त्याला फिरायचं नसतं’ म्हणून मोठ्या सापाला कपाटाच्या खणात ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. रात्री दिवे बंद करून बघा, तो फिरतो आणि फांदी दिली तर चढतोही.

साप मोजताना ओढून सरळ करू नका. तो काचेच्या कडेने पसरला की बाहेरून काचेवर त्याच्या अंगाबरोबर दोरा धरा आणि दोरा मोजा. टाकलेली कात मोजून लांबी ठरवू नका, कात निघताना ताणली जाते आणि सापापेक्षा लांब भरते.

सुताराकडून पेटी करून घेताना

बाहेरून तयार पेटी मागवण्यापेक्षा इथल्या सुताराकडून वॉटरप्रूफ प्लायची करून घेणं सोयीचं पडतं. आतून सनमायका, सांध्यांना ॲक्वेरियमचं सिलिकॉन, पुढे सरकती काच. एकदाच चार फुटी करून मधे प्लायचा आडवा पडदा घातला तर पिल्लाला अर्धा भाग देता येतो आणि पुढे पडदा काढता येतो. फेविकॉल, थिनर, सिलिकॉन यांचा वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नका. दोन-तीन आठवडे दारं उघडी ठेवावी लागतात.

सगळ्यात धोक्याची जागा मात्र वेगळीच. दोन सरकत्या काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे चार-पाच मिलिमीटरची उभी फट राहते. सुतार म्हणतो, “एवढ्यातनं काय जातंय?” कॉर्न स्नेकचं पिल्लू जातं. डोकं गेलं की मागून सगळं अंग जातं. त्या फटीत पारदर्शक पीव्हीसीची पट्टी बाहेरच्या बाजूने बसवून घ्या, पडद्याच्या कडाही तशाच तपासा, आणि काचेला छोटं कुलूप लावा.

फट बुजवायला आत सेलोटेप कधीही लावू नका. ती सापाच्या अंगाला चिकटते आणि ओढली की खवल्यांसकट कातडी निघते. चिकटलीच तर खायचं तेल बोटाने थोडं थोडं लावत, डोक्याकडून शेपटीकडे सावकाश सोडवा.

दोन पिल्लं एका पेटीत ठेवू नका, पेटी कितीही मोठी असो. खाऊ घालायला वेगळ्या डब्यात काढायचीही गरज नाही, उचलाउचलीने उलट साप बिथरतो.

काहीतरी बिनसलंय, कसं ओळखाल?

रात्रभर काचेला नाक घासतो: आधी तापमान बघा, मग लपायच्या जागा, आणि दोन्ही ठीक असतील तर पेटी लहान पडतेय.

सतत गार टोकाला किंवा पाण्यात: गरम टोक जास्त तापलंय. पाण्यात काळे ठिपके तरंगताना दिसले तर माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे.

गरम टोकावरून हलतच नाही: पेटी एकूण थंड आहे.

कात तुकड्यातुकड्यांनी निघते: हवा कोरडी आहे. जानेवारीत हे हमखास होतं, ओल्या स्फॅग्नम मॉसची (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), सापाला आत शिरता येईल अशी भोक पाडलेली एक झाकणाची डबी आत ठेवा.

खात नाही, पण वजन टिकून आहे: एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर हात लावू नका. रोज काहीतरी हलवत राहिलात तर कशाचा उपयोग झाला ते कळणारच नाही. किचनच्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. वजन सलग घटत असेल तर डॉक्टर गाठा.

मोठ्या पेटीत हलवताना जुन्या लपायच्या जागा तशाच बरोबर न्या आणि जुनं कोकोपीट मूठ-दोन मुठी नव्यात मिसळा, म्हणजे ओळखीचा वास राहतो. गरम टोक आधी डावीकडे होतं तर नव्यातही डावीकडेच ठेवा. साप सोडण्याआधी रिकामी पेटी दोन दिवस चालू ठेवून दोन्ही टोकांचं तापमान पहाटे आणि भर दुपारी तपासा. हलवल्यावर पाच-सात दिवस खायला देऊ नका, आणि पहिला उंदीर नेहमीपेक्षा एक आकार लहान द्या.