झरा बांधताय? या चुका टाळा

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही झऱ्याभोवती सिमेंटची टाकी बांधली. पाणी जास्त साठावं म्हणून भिंत कमरेएवढी घेतली, ओव्हरफ्लोचा पाइप पार वर बसवला. पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरली, सगळे खूश. पुढच्या उन्हाळ्यात टाकी कोरडी आणि पाणी वीस पावलं खाली करवंदीच्या जाळीतून पाझरतंय. बायका तिथं वाटीनं हंडा भरत होत्या. चूक आमची होती.

सातपुड्यात पावसाचं पाणी मुरमातून, काळ्या खडकाच्या भेगांतून उतरतं आणि घट्ट थर लागला की उतारावर बाहेर येतं. उगमाशी पाण्याची पातळी होती त्यापेक्षा वर चढवली की उलटा दाब बसतो, मग पाणी दुसरी भेग धरतं. म्हणून ओव्हरफ्लो झऱ्याच्या डोळ्याच्या, म्हणजे पाणी खडकातून बाहेर येतं त्या जागेच्या, खालीच हवा. साठवण पाहिजे तर उताराला वेगळी टाकी बांधा.

ओल दिसली तिथंच पाया घालू नका. माती, पालापाचोळा कुदळीनं हळूहळू काढत, खडकातून पाणी येताना दिसेपर्यंत मागे जा. सुरुंग तर नकोच, जेसीबीही नको. उगमाशी धुतलेली खडी भरा आणि वरून चिकणमाती ठोकून बसवा. टाकीला पक्कं झाकण, ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी, वरच्या अंगाला पावसाचं पाणी वळवणारी चारी आणि गुरं अडवणारं कुंपण. वरच्या उतारावर संडास, उकिरडा नको.

झरा मोजायचा तो मे महिन्यात. श्रावणात प्रत्येक ओहोळ दांडगा वाटतो. 20 लिटरची बादली 80 सेकंदांत भरली तर मिनिटाला 15, दिवसाला 21,600 लिटर. माणशी 55 लिटर धरले तर सुमारे 390 माणसांचं पाणी झालं. रात्रीचं पाणी साठवायला टाकी असेल तरच हा हिशेब जुळतो.

पाऊस पडून गेल्यावर काही तासांत पाणी गढूळ होतंय? मग वरचं पाणी कुठून तरी आत शिरतंय. आधी चारी आणि चिकणमातीचा थर तपासा. नुसती टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग) पावडर वाढवून भागत नाही. उलट, पाणी नितळ दिसतं म्हणून टीसीएल बंद करणं त्याहून घातक. जुलाबाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. जलसुरक्षकानं, म्हणजे गावचं पाणी शुद्ध ठेवायचं काम पाहणाऱ्यानं, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहणारी चाचणी) नळाच्या शेवटच्या तोटीवर करावी, पाणी पिवळसर झालं पाहिजे. चोपडा तालुक्यातल्या उनपदेवसारखा गरम झरा असेल तर पिण्याआधी प्रयोगशाळेत फ्लोराइडही तपासा, खोलातून येणाऱ्या गरम पाण्यात ते जास्त असू शकतं.

त्या पाड्यावर शेवटी आम्ही भिंत फोडून पाइप खाली घेतला. निम्मं पाणी जुन्या जागी परतलं. उरलेलं करवंदीपाशी वेगळी खडी भरून धरलं आणि तिथून नळीनं पाड्यापर्यंत नेलं.